प्लास्टर कच्चे, पक्के की नुसता पट्टा?

मनगट मोडलेल्या माणसाला भेटायला येणारी मंडळी आधी त्याच्या हाताकडे बघतात आणि मग त्याच्या डॉक्टरांना गुण देतात. कोपराखालपासून तळहातापर्यंत कडक, पांढरेशुभ्र प्लास्टर असेल तर उपचार रीतसर चालले आहेत. वर क्रेप बँडेज गुंडाळलेले अर्धे प्लास्टर असेल तर, ‘अजून कच्चंच आहे होय?’ आणि वेल्क्रोचा पट्टा दिसला तर, ‘एवढंच? दुसऱ्या कुणाला तरी दाखवून घ्या बरं.’ पक्के ते उत्तम, कच्चे ते तात्पुरते आणि पट्टा म्हणजे चालढकल, अशी उतरंड आपल्याकडे घरोघरी बसली आहे. हाडांच्या डॉक्टरांच्या हिशेबात ती कुठेच नाही. मनगटाच्या काही फ्रॅक्चरना पक्के प्लास्टर अनावश्यक असते, काहींना ते पहिल्या दिवशी घालणे धोक्याचे असते आणि काहींचे त्याच्यावाचून भागत नाही. आपले फ्रॅक्चर यातले कोणते, हे समजून घ्यायला वैद्यकीचे शिक्षण लागत नाही. एक्स-रे समोर असताना डॉक्टरांना चार नेमके प्रश्न विचारता आले म्हणजे पुरे.

आधी तिन्हींतला फरक. पक्के प्लास्टर म्हणजे कास्ट. ते हाताभोवती चहूबाजूंनी फिरवलेले असते आणि एकदा कडक झाले की कापल्याखेरीज निघत नाही. कच्चे प्लास्टर म्हणजे स्लॅब. प्लास्टरच्या पट्टीचे थर एकावर एक रचून एक जाड घडी करतात, ती हाताच्या एकाच अंगाला लावतात आणि वरून बँडेज गुंडाळतात; उरलेली बाजू मऊच राहते. पट्टा म्हणजे दुकानात तयार मिळणारा स्प्लिंट: बाहेरून कापड, आत धातूची किंवा प्लास्टिकची पट्टी, वेल्क्रोचे बंद, हवा तेव्हा काढता-घालता येणारा. काही ठिकाणी थेरपिस्ट गरम पाण्यात मऊ होणारे प्लास्टिक रुग्णाच्या हातावरच बेतून असा स्प्लिंट तयार करून देतात. तो तयार पट्ट्यापेक्षा हाताला कितीतरी चपखल बसतो.

कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडे येतात. अंगठ्याच्या बाजूचे रेडियस, करंगळीच्या बाजूचे अल्ना. त्यांच्या पुढे, तळहाताच्या मुळाशी आठ छोटी हाडे दोन ओळींत बसलेली असतात. घसरलेला माणूस सावरण्यासाठी हात पुढे टाकतो, अंगाचा भार तळव्यावरून थेट रेडियसच्या टोकावर येतो आणि ते टोक मोडते. ‘मनगट मोडले’ असे आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा हेच मोडलेले असते. डब्लिनचे शल्यविशारद अब्राहम कोलिस यांनी 1814 साली या फ्रॅक्चरचे वर्णन प्रसिद्ध केले. एक्स-रे यायला त्यानंतर 81 वर्षे लागली, म्हणजे कोलिस यांनी हे सारे हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून ओळखले होते. तोवर अनेक जण याला सांधा निखळणे समजत. तुटलेले टोक मागच्या बाजूला सरकते आणि हात बाजूने पाहिला तर जेवणाच्या काट्यासारखा बाकदार दिसतो. हे फ्रॅक्चर आजही कोलिसच्याच नावाने ओळखले जाते.

आता निवडीकडे. ती ठरते हाड जागचे हलले आहे का, यावर; हलले नसेल तर पुढे हलण्याची शक्यता किती, यावर; आणि पहिल्या काही दिवसांत सूज किती, यावर.

सुजेचे आधी बोलू, कारण कच्च्या प्लास्टरबद्दलचे बहुतेक गैरसमज तिथून निघतात. हाड मोडल्यावर सूज लगेच पूर्ण येत नाही. ती दोन-तीन दिवस वाढत जाते. अशा हाताला पहिल्याच दिवशी चहूबाजूंनी कडक कवच घातले तर आतल्या सुजेला पसरायला जागा राहत नाही. दाब वाढतो, स्नायूंचा रक्तपुरवठा अडतो आणि काही तासांत कायमचे नुकसान होऊ शकते. अशा नुकसानीने हात आखडून बोटे वाकडी राहतात, त्या विकृतीला एकोणिसाव्या शतकातले जर्मन शल्यविशारद रिशार्ड फॉन फोल्कमान यांचे नाव आहे. स्लॅबची एक बाजू मऊ असल्याने ती सुजेबरोबर थोडी सैलावते, आणि अडचण आली तर बँडेज कापून क्षणात मोकळी करता येते. म्हणून ताज्या फ्रॅक्चरला कच्चे प्लास्टर घालून आठवड्याभराने पक्के करणारा डॉक्टर वेळ काढत नसतो. उलट सुजलेल्या हाताला पहिल्याच दिवशी पक्के घालायचे असेल तर ते उभे चिरून ठेवण्याची पद्धत आहे. तसे केले नसेल तर का, हे जरूर विचारावे.

हे शहाणपण नवे नाही. सुश्रुतसंहितेच्या चिकित्सास्थानात भग्नचिकित्सेचा स्वतंत्र अध्याय आहे. त्यात मोह, उंबर, पिंपळ, पळस, अर्जुन, वेळू, वड यांच्या सालींच्या किंवा कामट्यांच्या पट्ट्या बांधायला सांगितल्या आहेत, आणि लगेच इशाराही दिला आहे: बंधन सैल असेल तर सांधा स्थिर राहत नाही, घट्ट असेल तर सूज, वेदना आणि पू होतो. बंधन थंड ऋतूत सात दिवसांनी, मध्यम ऋतूत पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी सोडून पुन्हा बांधावे, असेही त्यात आहे. गावोगावचे हाडवैद्य किंवा आंध्र प्रदेशातल्या पुत्तूरचे प्रसिद्ध हाड बांधणारे कामट्या आणि पट्ट्या वापरतात त्या याच परंपरेतल्या. अडचण कामटीत नसते. एक्स-रेशिवाय, घट्ट आवळून बांधलेला आणि मग आठवडाभर कुणी न पाहिलेला हात ही खरी अडचण. काळी पडलेली बोटे घेऊन पोर दवाखान्यात येते तेव्हा त्यामागे अशीच एखादी घट्ट गाठ असते, आणि त्यातल्या काहींचा हात वाचत नाही. हाडवैद्याकडे जाणाऱ्यांनी निदान सुश्रुताची ही सूचना तरी त्याला ऐकवावी.

लहान मुलांच्या बाबतीत मात्र गेल्या दोन दशकांत चित्र फारच बदलले. मुलांचे हाड मोठ्यांपेक्षा लवचीक असते. ते पडल्यावर अनेकदा आरपार तुटत नाही. एका बाजूने नुसते दबते आणि तिथे फुगवटा येतो. याला बकल किंवा टोरस फ्रॅक्चर म्हणतात. एक्स-रेवर हाडाच्या कडेला बारीकशी घडी दिसते, एवढेच. हे फ्रॅक्चर जागचे सरकत नाही आणि बरे झाल्याशिवाय राहत नाही. त्याला काही करायची गरज तरी किती, हे तपासण्यासाठी ब्रिटनमध्ये ‘फोर्स’ नावाचा अभ्यास झाला. 23 रुग्णालयांतली 4 ते 15 वर्षांची 965 मुले त्यात होती. निम्म्यांना साधे मऊ बँडेज देऊ केले, निम्म्यांचे मनगट नेहमीसारखे कडक आधाराने स्थिर ठेवले. तीन दिवसांनंतरच्या वेदना दोन्ही गटांत सारख्याच निघाल्या, आणि सहा आठवड्यांपर्यंत हाताच्या वापरातही फरक दिसला नाही. हे निष्कर्ष 2022 साली ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. बँडेजवाल्या गटातले काही पालक मात्र परत येऊन कडक आधार मागून घेऊन गेले. म्हणजे भेटायला येणारी मंडळी तिकडेही असावीत.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे हाडाला खरोखर तडा गेलाय, ते किंचित वाकलेही आहे, पण फार नाही. कॅनडात टोरोंटोच्या बालरुग्णालयात अशा 5 ते 12 वर्षांच्या 96 मुलांवर तुलना झाली. काहींना कोपराखालचे पक्के प्लास्टर, काहींना तयार स्प्लिंट. सहा आठवड्यांनी हाताची ताकद आणि वापर यांत स्प्लिंटची मुले मागे नव्हती, हाडाचा बाकही वाढलेला नव्हता, आणि पालकांची पसंती स्प्लिंटलाच होती. हा अभ्यास 2010 चा. मुलांच्या हाडात आणखी एक सोय असते. रेडियसची सुमारे तीन चतुर्थांश वाढ मनगटाजवळच्या वाढकूर्चेतून होते, त्यामुळे तिथला थोडाफार बाक मूल वाढता वाढता आपोआप सरळ होतो. आठ वर्षांच्या मुलाच्या एक्स-रेवर दिसणारा किंचित तिरकेपणा पाहून धास्तावलेल्या आईबापांना डॉक्टर ‘राहू द्या, भरून निघेल’ म्हणतात, त्याचा आधार हा आहे. चौदा-पंधराव्या वर्षी, वाढ संपत आली की ही सवलतही संपत येते.

तरीही मुलांमध्ये पट्ट्याला एक अट आहे: तो हातावर राहिला पाहिजे. जो मुलगा दुसऱ्या दिवशी पट्टा दप्तरात टाकून क्रिकेट खेळायला जाईल, त्याच्यासाठी न निघणारे प्लास्टर हाच शहाणा निर्णय. हे डॉक्टरांना एक्स-रेवरून कळत नाही. पालकांनी प्रामाणिकपणे सांगावे लागते. बकल फ्रॅक्चरमध्ये असा उद्योग केला तरी बहुधा निभावते, पण आरपार तुटलेल्या हाडात निभावत नाही.

मोठ्यांचे गणित वेगळे. हाड मोडले आहे पण जागचे हललेले नाही, सांध्यापर्यंत चीर गेलेली नाही, अशा स्थिर फ्रॅक्चरला स्लॅब, मग स्प्लिंट किंवा हलके प्लास्टर चालते आणि पाच-सहा आठवड्यांत काम होते. हाड सरकलेले असेल तर ते आधी बसवावे लागते. भूल देऊन किंवा ती जागा बधिर करून हात ताणतात, तुकडा जागेवर दाबतात आणि त्या स्थितीत प्लास्टर घालतात. इथे तयार पट्टा कामाचा नाही, कारण बसवलेले हाड धरून ठेवण्याचे काम प्लास्टरची जाडी करत नाही, त्याचा घाट करतो. इंग्लंडचे सर जॉन चार्नली, म्हणजे पुढे कृत्रिम खुब्यासाठी जगभर गाजलेले तेच, यांनी 1950 सालच्या आपल्या पुस्तकात तीन ठिकाणी दाब देऊन प्लास्टरला आकार देण्याचे तत्त्व तपशिलाने मांडले. तीन बिंदूंवरचा हा दाब तुकड्याला परत सरकू देत नाही. चांगल्या प्लास्टरची खूण एक्स-रेवरही दिसते. मनगटाजवळचा छेद हाताप्रमाणे चपटा हवा. बाजूने मोजलेली आतली रुंदी समोरून मोजलेल्या रुंदीच्या साधारण 0.8 पटीहून जास्त नको. गोल नळकांड्यासारख्या प्लास्टरमध्ये आत कापूस भरपूर असतो, बाहेरून ते भक्कम दिसते आणि आत हाड निवांत घसरते.

ते घसरते का? घसरते, आणि म्हणूनच पुढच्या एक्स-रेची तारीख प्लास्टरइतकीच महत्त्वाची. ब्रिटनमधल्या ‘ड्राफ्ट-2’ या अभ्यासात 36 रुग्णालयांतले 500 प्रौढ रुग्ण होते. सर्वांचे हाड बसवले, मग निम्म्यांना नीट घाट दिलेले प्लास्टर, निम्म्यांना तारा घालून आधार. वर्षभरानंतर दोन्ही गटांचे हात सारखेच चालत होते. पण प्लास्टरच्या गटात साधारण आठांतल्या एकाचे हाड पहिल्या सहा आठवड्यांत पुन्हा सरकले आणि शस्त्रक्रिया करावी लागली. यातून दोन अर्थ निघतात. सात जणांची शस्त्रक्रिया टळली, हा पहिला. आठवा कोण, हे वेळेत कळायला हवे, हा दुसरा. सूज ओसरली की प्लास्टर सैल पडते, त्यामुळे पहिल्या आणि दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास एक्स-रे काढून पाहतात. तिसऱ्या आठवड्यानंतर सरकलेले हाड त्याच वाकड्या जागी धरू लागते आणि दुरुस्ती अवघड होते. ‘प्लास्टर घातलंय, आता सहा आठवड्यांनी जाऊ’ म्हणून गावी निघून जाणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

ऑपरेशनची गोष्ट निघाली की घरात दोन तट पडतात. तरुण, कष्टाचे काम करणारा माणूस, सांध्याच्या पृष्ठभागावर दोन मिलिमीटरहून मोठी पायरी, बसवूनही न टिकणारे हाड, उघडी जखम, अशा परिस्थितीत प्लेट किंवा तारा घालण्याचा सल्ला योग्यच असतो. साठी ओलांडलेल्यांत मात्र एक्स-रे आणि माणूस यांच्यात अंतर पडते. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये 60 वर्षांवरील रुग्णांत झालेल्या ‘क्रॉसफायर’ अभ्यासात प्लेट घातलेल्या आणि प्लास्टर घातलेल्या रुग्णांच्या हाताच्या कामात वर्षअखेरीस विशेष फरक आढळला नाही. आजींचे मनगट जरा वाकडे जुळते, पण त्याच हाताने त्या पोळ्या लाटतात. शस्त्रक्रियेला घाबरून नकार देऊ नये आणि वाकडे दिसेल म्हणून हट्टाने मागूही नये.

एक फ्रॅक्चर मात्र या सगळ्यांहून दगाबाज. अंगठा वर ताणला की त्याच्या मुळाशी एक खड्डा पडतो. पडल्यानंतर त्या खड्ड्यात दाबून दुखत असेल तर आठ छोट्या हाडांपैकी स्कॅफॉइड मोडल्याचा संशय घ्यावा. सूज फारशी नसते, हात वाकडा दिसत नाही आणि पहिला एक्स-रे चक्क स्वच्छ येऊ शकतो. ‘मुका मार आहे’ म्हणून तरुण मुले हे महिनोन्‌महिने अंगावर काढतात. या हाडाला रक्त पुढच्या टोकाकडून मागे जाते. मध्ये तुटले की मागचा तुकडा उपाशी राहतो, जुळत नाही, कधी मरतोही, आणि काही वर्षांनी मनगटाचा संधिवात होतो. म्हणून संशय असेल तर एक्स-रे स्वच्छ असूनही मनगट बांधून ठेवतात आणि दहा-चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात किंवा एमआरआय करतात. फ्रॅक्चर सिद्ध झाले तर इथे पट्ट्यावर भागवायचे नसते. हाड फार सरकलेले नसेल तर सहा ते दहा आठवडे पक्के प्लास्टर लागते. इंग्लंड आणि वेल्समधल्या 439 प्रौढांच्या अभ्यासात, थोड्या सरकलेल्या किंवा न सरकलेल्या स्कॅफॉइडला आधी प्लास्टर आणि न जुळल्यास लगेच स्क्रू, हा मार्ग सर्वांनाच स्क्रू घालण्याच्या तोडीचा ठरला.

पक्के घालायचे ठरले की पुढचा प्रश्न: साधे की फायबरचे? साधे प्लास्टर म्हणजे जिप्सम. ते भाजले की त्यातले बहुतेक पाणी निघून जाते. त्या भुकटीला पुन्हा पाणी मिळाले की ती दगडासारखी होते आणि होताना तापते. प्लास्टर घालताना हाताला ऊब जाणवते ती यामुळे. पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीतल्या जिप्समवरून त्याला ‘प्लास्टर ऑफ पॅरिस’ नाव पडले. ते सुती पट्टीत घोळवून हाडावर बांधण्याची युक्ती डच लष्करी शल्यविशारद अँटोनियस मथायसन यांनी 1852 मध्ये प्रसिद्ध केली. स्वस्त, हाताच्या घाटाप्रमाणे वळणारे आणि थोड्या मिनिटांत घट्ट होणारे हे साहित्य आजही टिकून आहे, कारण बसवलेल्या हाडाला घाट देण्यात ते सरस आहे. जड असते, पूर्ण वाळायला एक-दोन दिवस लागतात आणि भिजले की गेलेच. फायबरचे हलके, टणक, रंगीत आणि महाग. मुलांना आवडते. ताज्या, सुजलेल्या, नुकत्याच बसवलेल्या हाताला साधे प्लास्टर आणि दोन-तीन आठवड्यांनी फायबर, हा क्रम पुष्कळ डॉक्टर पाळतात आणि तो समंजस आहे. फायबर जलरोधक असते असे सांगणाऱ्यांपासून सावध राहावे. बाहेरचे कवच भिजून बिघडत नाही, पण आतला नेहमीचा कापूस भिजतो, कोकणातल्या पावसाळी हवेत तो लवकर सुकत नाही आणि खालची कातडी सोलते. आंघोळीला दोन्हींवर प्लास्टिकची पिशवी हवीच.

हे झाले दवाखान्यातले. पण निम्मे नुकसान तिथे पोहोचायच्या आधीच होते. पडल्याबरोबर त्या हातातल्या बांगड्या, पाटल्या, अंगठी, घड्याळ उतरवावे. तासाभराने सूज चढली की साबण लावूनही निघत नाहीत. काचेच्या बांगड्या वाढवाव्या लागल्या तरी संकोच करू नये. हात चोळू नये, ओढून ‘बसवू’ नये. आंबेहळद-रक्तबोळाचा लेप मुक्या माराला लावतात तो लावतात; मोडलेल्या हाताला लेप लावून वर घट्ट फडके बांधणे नको, आणि लावलाच असेल तर प्लास्टरपूर्वी धुऊन टाकायला सांगावे. घडी घातलेले जाड मासिक हाताखाली धरून ओढणीने सैलसर बांधावे, हात गळ्यात अडकवावा, वर फडक्यात गुंडाळलेला बर्फ थोडा वेळ ठेवावा. हात वाकडा दिसत असेल तर वाटेत चहा-वडापाव नको; भूल द्यायची झाली तर पोट रिकामे असणे गरजेचे असते.

प्लास्टर घालून घरी आल्यावर पहिले दोन-तीन दिवस हात उशांवर ठेवून छातीपेक्षा उंच असावा. गळ्यात अडकवलेला हात पोटाशी लोंबत असेल तर सूज बोटांत उतरते. झोळी अशी बांधावी की पंजा कोपरापेक्षा वर राहील. दुखणे दिवसेंदिवस कमी व्हायला हवे. गोळी घेऊनही ते वाढत असेल, बोटे सरळ करताना कळ जाते, बधिरपणा येतो, बोटे निळी, पांढरी किंवा गार पडतात, किंवा नख दाबून सोडल्यावर दोन सेकंदांत गुलाबी होत नाही, तर रात्रीचे बारा वाजले असले तरी दवाखाना गाठावा. ‘सकाळी बघू’ हे वाक्य इथे महागात पडते. कच्चे प्लास्टर असेल तर वरचे बँडेज आतल्या कापसासकट कापून सैल करत निघावे.

प्लास्टरच्या आत खाज सुटली की स्वेटरची सुई, पेन्सिल, फूटपट्टी असले काही आत घालायचा मोह होतो. त्याने कातडी फाटते, आत पू होतो आणि आठवड्याने वासावरून कळते. थंड हवेचा ड्रायर किंवा वरून हलके टपटपणे, इतक्यावर समाधान मानावे.

बोटांबद्दल मात्र कितीही सांगितले तरी थोडेच. मनगटाच्या प्लास्टरची पुढची कड तळहातावरच्या आडव्या रेषेच्या मागे थांबली पाहिजे, म्हणजे चारही बोटांची पूर्ण मूठ वळते आणि अंगठा मोकळा राहतो. कड बोटांच्या बुंध्यावर चढली असेल तर ती तिथेच, तेव्हाच कापून मागे घ्यायला सांगावी. पहिल्या दिवसापासून दर तासाला मूठ वळणे-उघडणे, कोपर वाकवणे, हात डोक्यावर नेणे हे करायचे. पुष्कळ जण हाड हलेल या भीतीने सगळा हात लाकडासारखा धरून बसतात. हाड जुळते, पण बोटे आणि खांदा आखडतात. मधुमेह असलेल्या वयस्करांत तर मनगट बरे होऊन खांद्यासाठी वेगळे उपचार घ्यायची वेळ येते. हालचाल म्हणजे वजन उचलणे मात्र नव्हे. बादली, सिलिंडर, दुचाकी बंद. इंग्लंडचा फलंदाज कॉलिन काउड्री 1963 साली लॉर्ड्सवर वेस्ट इंडीजविरुद्ध डावा हात मनगटाच्या वर मोडलेला असताना प्लास्टर घालून शेवटचा फलंदाज म्हणून मैदानात उतरला, तेव्हा दोनच चेंडू उरले होते, ते डेव्हिड ॲलनने खेळून काढले आणि कसोटी अनिर्णित राहिली. काउड्रीला एकही चेंडू खेळावा लागला नाही, हे त्याच्या हाडाचे नशीब.

डिंकाचे लाडू खायला हरकत नाही. त्याने प्लास्टर आठवडाभर आधी निघत नाही, एवढेच. विडी-सिगारेट बंद केली तर हाड जुळायला जास्त मदत होते.

प्लास्टर काढायच्या यंत्राचा आवाज ऐकून मुले किंचाळतात. त्याचे पाते गोल फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. कडक प्लास्टर कापले जाते आणि मऊ कातडी त्याबरोबर हलते. अमेरिकेतल्या मिशिगनचे अस्थिशल्यविशारद होमर स्ट्रायकर यांनी हे यंत्र आणले. पाते एकाच जागी फार वेळ राहिले तर मात्र तापते, म्हणून ‘भाजतंय’ असे मूल म्हणाले तर ते ऐकावे. काढल्यावर दिसणारा हात बारीक, कोरडा, केसाळ आणि ताठर असतो. घाबरू नये. कोमट पाण्यात मनगट वर-खाली करणे, तळवा आकाशाकडे आणि जमिनीकडे वळवणे, मग हळूहळू पकड वाढवणे, यात पुढचे काही आठवडे जातात. पट्ट्याचा खरा फायदा इथे दिसतो: हाड पुरेसे जुळल्यावर तो काढून व्यायाम करता येतो आणि गर्दीत जाताना पुन्हा घालता येतो. दोन गोष्टींसाठी मात्र लगेच दाखवावे. हात लाल-निळसर, चकचकीत, घामेजलेला होऊन नुसत्या स्पर्शाने आग होत असेल तर. आणि अंगठा अचानक वर उचलता येईनासा झाला तर. अंगठा उचलणारी दोरी न सरकलेल्या साध्या फ्रॅक्चरनंतरही काही आठवड्यांनी तुटू शकते.

डॉक्टरांना विचारायचे चार प्रश्न असे: हाड जागचे हलले आहे का? चीर सांध्यापर्यंत गेली आहे का? पुढचा एक्स-रे नेमका कधी? मनगट स्वतःहून हलवायला केव्हा सुरुवात करायची? स्कॅफॉइड मोडलेले नसेल, पहिल्या दोन्हींचे उत्तर ‘नाही’ असेल आणि डॉक्टर पट्टा सुचवत असतील तर निश्चिंतपणे घ्यावा. एकाचेही उत्तर ‘हो’ असेल आणि तरी काढता-घालता येणारा पट्टाच दिला असेल, तर कारण विचारावे.

आणि पन्नाशी उलटलेल्या बाईचे मनगट घरातल्या घरात, उभ्या उंचीवरून पडून मोडले असेल तर आणखी एक काम बाकी राहते. पाळी गेल्यानंतर हाडे ठिसूळ होत जातात आणि अनेकींच्या बाबतीत त्याची पहिली खबर मनगटच देते. खुबा आणि मणका पुढे मोडतात. मनगट जुळले म्हणून फाइल कपाटात टाकू नये. प्लास्टर निघेल त्या दिवशीच हाडांच्या घनतेची डेक्सा चाचणी आणि ड जीवनसत्त्वाची तपासणी लिहून मागावी.